वार्ताफलकावरचं जपान

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, शेंगदाण्याची चटणी आठवते, शेकोटी आठवते. मला हेवा आठवतो. माझा स्वतःचा, चौदाव्या वर्षीचा, चांगला खाऊनपिऊन पोसलेला हेवा. डिसेंबरात सकाळी ओठांना तूप लावता लावता नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्याची शाळा डोळ्यांपुढे येते आणि पोटात तीच जुनी जळजळ सुरू होते. वय वाढलं म्हणून ती कमी झालेली नाही.

यंदा निमित्त झालं पुरवणीचं. मी नगरच्या एका वर्तमानपत्रात पुरवणीची पानं बघते. परवा संपादकांनी विषय दिला, जपानी कार्टून आणि जपानी चित्रकथांची तरुणाईला भुरळ. हल्लीची मुलं त्यांना ॲनिमे आणि मांगा म्हणतात. 'भुरळ' हा शब्द साहेबांचाच. आमच्या धंद्यात कुठल्याही नव्या गोष्टीची एकतर भुरळ पडते, नाहीतर तिचा विळखा बसतो. मधलं काही आम्हाला छापता येत नाही. मी संगणकापुढे बसले, 'भुरळ' टाइप केलं आणि पुढे एक शब्द सुचेना. कारण विळख्याची बातमीही मीच लिहिली होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नववीत होते आणि ती बातमी मी खडूनं लिहिली होती.

आमच्या शाळेत ऑफिसच्या भिंतीवर एक फळा होता. त्याच्या माथ्यावर पांढऱ्या तैलरंगात 'वार्ताफलक' असं कायमचं रंगवलेलं. त्याखाली रोज चार बातम्या आणि एक सुविचार. राज्यातली एक, देशातली एक, परदेशातली एक आणि खेळाची एक. माझे बाबा त्याच शाळेत मराठी शिकवायचे, म्हणजे घरी बाबा आणि शाळेत सर. वार्ताफलकाचं काम त्यांच्याकडे होतं आणि माझं अक्षर मोत्यासारखं होतं, त्यामुळे ते काम माझ्याकडे होतं. सकाळच्या गाडीनं पेपर स्टँडवर पडायचा. बाबा तो चहाबरोबर पहिल्या मथळ्यापासून शेवटच्या जाहीर नोटिशीपर्यंत वाचायचे, घ्यायच्या बातम्यांवर पेन्सिलीनं खुणा करायचे आणि मग मी तो दप्तरात घालून इतरांच्या अर्धा तास आधी शाळेत पोचायचे.

सुप्याचा वारा ज्यानं खाल्ला नाही त्याला ती सकाळ सांगून कळायची नाही. माळावर आडोसा नाही, रस्त्यानं पुण्याकडचे ट्रक घरघरत जातायत, बादलीतलं पाणी हाडात शिरतंय. ओल्या फडक्यानं कालचं जग पुसायचं आणि फळा वाळेपर्यंत हात काखेत घालून उभं राहायचं. मग मथळ्याला गुलाबी खडू, मजकुराला पांढरा. पेपरातल्या वीस ओळींच्या दोन ओळी करायच्या. काय ठेवायचं, काय गाळायचं, ते मी ठरवायचे. परिपाठाआधी सगळी शाळा फळ्यापुढे थांबून जग वाचायची आणि मी बाजूला उभी राहून त्यांच्याकडे बघायचे. मला फार बरं वाटायचं.

करुणा माझ्या बाकावर बसायची. पाचवीपासून आमचा डबा एक, वहीची कव्हरं एक, उवासुद्धा एकीच्या दुसरीला. तिचे पप्पा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशिनवर होते. कारखान्यानं जपानहून नवं मशीन आणलं आणि ते चालवायला शिकण्यासाठी सहा महिने त्यांना तिकडे पाठवलं.

आमच्या घरात ही गोष्ट पचायला फार दिवस लागले. "कामगाराला कशाला नेतील जपानला? साहेबलोकांना नेत असतील," आई म्हणाली. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मशीन पुसायला कुणीतरी लागतंच." बाबा वाईट नव्हते. ते पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते, आजोबाही शिक्षक, पणजोबा गावजोशी. शिकलेलं घर म्हणजे आमचं घर, असा आमचा तीन पिढ्यांचा समज होता. त्या घराच्या आधी विमानात बसले ते करुणाचे पप्पा, हे आम्हाला डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपत होतं.

ते दिवाळीत परत आले. मी फराळ घेऊन गेले तर घरात ही गर्दी. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हार, खाली चटईवर पप्पा आणि भोवती सगळी आळी. "तिकडं रस्त्याच्या कडंला दगडाचे बारके बारके बुद्ध हायेत," ते सांगत होते. "गळ्यात लाल फडकं बांध्येलं. म्या हात जोडून हुबा राह्यलो, तर आमचा तिकडचा मुकादम बी मुकाट्यानं शेजारी हुबा राह्यला." ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चकली खात राहिले.

मग करुणानं पत्र्याची पेटी उघडून पाच पुस्तकं काढली. विटेएवढी जाड, खरबरीत कागदाची, काही पानं गुलाबट, काही निळसर. सगळी चित्रांची. "लोकं गाडीत वाचत्यात आन् वाचून झालं की टाकून देत्यात," पप्पा हसत म्हणाले. "आमच्या खोलीखाली ढीग पडायचा. पोरीला चित्रं आवडत्यात म्हणून उचलून आणली."

टाकून दिलेली पुस्तकं, आणि तशी एकही गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. सायकलच्या पायडलवरून सुटणारा एक पाय, पानभर. एक म्हातारी फळ सोलत बसलेली, चार चौकटी, त्यात शब्द एकही नाही. कानात वारं शिरलेल्या वासरासारख्या धावणाऱ्या रेषा. डोळे मोठे, पण त्या डोळ्यांत खिडकीचा उजेड पडलेला दिसायचा. मला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत 'अ' श्रेणी होती. मी मोर काढायचे, समई काढायचे, कमळ काढायचे. त्या म्हातारीपुढे माझी सगळी कमळं मला कागदी वाटायला लागली. आणि ती पुस्तकं माझी नव्हती, तिची होती.

पुस्तकं शाळेत आली. जपानी कुणाच्या बापाला येत होतं? मधल्या सुट्टीत करुणा पानं उलटायची आणि गोष्ट सांगायची. आम्ही आपली मराठी पुस्तकासारखी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पोरगा आधी ढसाढसा रडतो, मग मित्राला मिठी मारतो, मग त्याच मित्राशी भांडतो आणि शेवटी दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. वर्गाचा या गोष्टीवर जीव जडला. पंधरा दिवसांनी पप्पांनी सांगितलं की ही पुस्तकं आपल्या शेवटच्या पानापासून वाचायची असतात. पोरं बिथरली. "न्हाई, आपलीच गोष्ट भारी हाय," म्हणाली. ओळख विसरलेले दोन मित्र कुणालाच सोडवेनात.

करुणाला मग नाद लागला. ती बोलायच्या फुग्यांवर कागदाचे कपटे चिकटवायची आणि त्यांत मराठी लिहायला मला द्यायची. "अर्चे, लिही. तुजं अक्षर छापल्यावानी हाय." मी लिहायचे. 'ए, कुठं चाललास? माझी सायकल कुठंय?' असलं काहीतरी. अक्षर माझं असायचं, गोष्ट तिची. पोरं तिच्याभोवती कोंडाळं करायची आणि मी कडेला बसून खळ वाळायची वाट बघायचे. काही दिवसांनी ती स्वतःच काढायला लागली. सुप्याचा स्टँड, कांद्याचा टेम्पो, भज्यांच्या गाड्यावरचा धूर, आणि त्यात जपानी डोळ्यांची आमच्या वर्गातली पोरं. चांगलं होतं. कसं सांगू, फार चांगलं होतं. माझा जळफळाट व्हायचा आणि नजर हटायची नाही.

डिसेंबरात गॅदरिंगची तयारी सुरू झाली. आमच्या शाळेचं दरवर्षी एक हस्तलिखित निघायचं. मुलांच्या कविता, निबंध, चित्रं, सगळं हातानं लिहून, दाभणानं शिवून पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन. त्याचं मुखपृष्ठ सलग तीन वर्षं माझं होतं. त्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी करुणाचा कागद हातात धरला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाले, "यंदा हेच लावू पुढं. अर्चना, तू आतली अक्षरं कर."

मी "हो सर" म्हटलं. घरी जाऊन दोन घास कमी खाल्ले. आईनं विचारलं तर पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात ती बातमी आली. आधी संध्याकाळी टीव्हीवर: जपानमध्ये कार्टून बघता बघता शेकडो मुलांना फिट आली, उलट्या झाल्या. रुग्णवाहिकांचे दिवे, स्ट्रेचर. आई म्हणाली, "बघा, काय काय दाखवतात पोरांना." रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली सगळी पोरं ज्या कार्टूनपुढे मांडी घालून बसायची तेही जपान्यांनीच केलेलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही फार पुढे कळलं.

सकाळी पेपरात तीच बातमी होती. शेजारी एक चौकट. ती लिहिणाऱ्यानं असलं पुस्तक कधी हातात धरलं नसावं, हे आज मला त्याच धंद्यात राहून नक्की सांगता येतं. जपानी चित्रकथा म्हणजे नुसती मारामारी, उघडीवाघडी चित्रं आणि बिघडलेली मुलं, एवढंच त्यात होतं. खाली भलताच कुठलातरी फोटो. मात्र मूळ बातमीत चौथ्या परिच्छेदात नीट लिहिलं होतं: टीव्हीवरच्या त्या एका भागात एका जागी दिवे फार झपाझप लुकलुकले, त्याचा त्रास झाला असावा, डॉक्टर तपास करतायत. पुस्तकांचा त्यात संबंधच नव्हता. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे, कारण न वाचता लिहिणारे निदान अजाण तरी असतात.

परदेशाच्या जागी बाबांनी दुसऱ्याच एका बातमीवर खूण केली होती. मी फळा पुसला, हात काखेत घालून उभी राहिले आणि मग गुलाबी खडू उचलला.

'जपानी चित्रपुस्तकांमुळे शेकडो मुले रुग्णालयात.' आणि खाली पांढऱ्यानं, 'अशी पुस्तके आपल्या परिसरात तर नाहीत ना?'

कार्टूनच्या जागी चित्रपुस्तकं, एवढाच फरक. आणि एक प्रश्नचिन्ह. इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण त्याहून परिणामकारक मथळा मला पुन्हा जमलेला नाही.

परिपाठाला कुणीतरी चक्कर येऊन पडणं हे आमच्याकडे आठवड्याचंच होतं. मुली काही न खाता वाड्यावस्त्यांवरून चालत यायच्या, थंडीत अर्धा तास उभ्या राहायच्या, प्रार्थनेला एखादी कोसळायची. मग गूळ-पाणी आणि ऑफिसातला बाक. त्या सकाळी सातवीतली एक मुलगी पडली. कुणीतरी ओरडलं, "हिनं काल करुणाचं पुस्तक बघितलं हुतं!" झालं. दुपारपर्यंत आणखी तिघींना गरगरायला लागलं. करुणाच्या पुस्तकाला हात लावलेल्या पोरांनी नळावर जाऊन हात धुतले. आणि मला सांगायला लाज वाटते, आमच्या शाळेतली काही घरं तिच्या घरचं पाणी तसंही पीत नव्हती. त्यांना आता पेपरात छापलेलं कारण मिळालं.

करुणा बाकावर पुस्तकं पोटाशी धरून बसली होती. "अर्चे, तू तर सगळी वाचली माज्यासंगं," ती म्हणाली. "तुला काय झालं का? सांग की सगळ्यांस्नी."

मी म्हटलं, "पेपरात आलंय बाई. मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिच्या पप्पांना बोलावलं. ते पहिली पाळी अर्धी टाकून कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच आले. टेबलावर पाचही पुस्तकं रचून ठेवली होती. बाबा खुर्चीवर, पप्पा उभे. मी हजेरीपत्रक घेऊन दारात गेले होते आणि तिथेच थबकले.

"लोक तक्रार घेऊन यायला लागलेत," मुख्याध्यापक म्हणाले. "उद्या एखाद्या पोराला काही झालं तर मला कोण इचारणार न्हाई का?"

पप्पांचा आवाज चढला नाही. "तुमचं बराबर हाय सर. मी तिकडं सहा म्हैनं राह्यलो. लोकं ही पुस्तकं रोज वाचत्यात, म्हातारी मान्सं बी वाचत्यात. कुणाला काय हुताना म्या तरी पाह्यलं न्हाई. पेपरात निमकं काय लिव्हलंय, तेवढं मला दावा. पुस्तकाचंच आसंल तर माज्या हातानं बंबात घालतो."

मुख्याध्यापकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे. "अर्चना, कालचा पेपर कुठे आहे?"

पेपर माझ्या दप्तरात होता. तळाला, चौघडी घातलेला.

"सापडत नाही, सर," मी म्हटलं.

बाबांनी तो पेपर शेवटच्या नोटिशीपर्यंत वाचला होता. चौथा परिच्छेद त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, अगदी ओळखून पाहिलं, आणि मग पप्पांकडे वळून म्हणाले, "रद्दीत गेला असेल."

पप्पा "बरं," म्हणाले आणि गेले. पुस्तकं प्रयोगशाळेच्या कपाटात कुलपात पडली आणि मार्चमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर खरोखरच रद्दीत गेली. हस्तलिखिताचं मुखपृष्ठ पुन्हा माझ्याकडे आलं. मी मोर काढला. सगळ्यांनी वाखाणला. पप्पा येऊन गेले त्या संध्याकाळी बाबांनी मला काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही आणि तेव्हापासून आमच्यात त्या दिवसापुरतं एक दार लावलेलंच राहिलं. ते गेले तेव्हाही ते लागलेलंच होतं. कधीकधी वाटतं, त्यांनी मला पाठीशी घातलं. कधी वाटतं, त्यांनाही ती पुस्तकं त्या टेबलावर तशीच बघायला आवडली होती.

करुणा दहावीनंतर पुण्याला गेली. आता ती मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. परीक्षणासाठी तिची पुस्तकं आमच्या कचेरीत येतात. मी ती उघडून बघते, एकेक पान बघते आणि मग दुसऱ्या कुणालातरी लिहायला देते. माझ्या भाचीच्या कपाटात तसल्याच जाड जपानी पुस्तकांची रांग आहे, विकत घेतलेल्या, गुळगुळीत कव्हरांच्या. भाची ती उलटीकडून सराईतपणे वाचते. तिचाही मला थोडा हेवा वाटतो, पण तो चालण्यासारखा आहे.

तर 'भुरळ' लिहून मी अडले होते. आमच्यात अशा लेखाला एका जाणकाराचं मत लावावं लागतं. जाणकार मला एकच ठाऊक होती. नंबर माझ्याकडे कितीतरी वर्षं पडून होता. मी फोन लावला.

"करुणा? अर्चना बोलतेय. नगरहून."

"बोल की अर्चे," ती म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढून तिची बोली जशीच्या तशी होती. मी विषय सांगितला. ती भराभर बोलली, चांगलं बोलली, मी लिहून घेतलं. मग फोन ठेवायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हाचा तो पेपर रद्दीत नव्हता गेला. माझ्याच दप्तरात होता. आणि त्यात पुस्तकांचं काही नव्हतं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पप्पा त्याच सांजंला स्टँडवर गेल्ते. पेपरवाल्याकडं आदल्या दिवसाचा एक उरला हुता, तो आणला. मला दिव्यापाशी बसवून सगळा वाचाय लावला. लुकलुकत्या उजेडाचं आन् डॉक्टरांचं, सगळं."

"मग तो शाळेत का नाही आणला?"

"म्या तेच म्हणलं. लई रडले. म्हणलं, आत्ता चला, सरांच्या तोंडाव टाका पेपर. पप्पा न्हाई म्हणले. म्हणले, पोरीच्या हातनं झालंय ते. तिचं तिला कळंल, उद्या न्हाई परवा फळ्याव नीट लिव्हंल. तिला तेवढी सवड दिली पायजे. आपुन चारचौघांत उघडं पाडलं, तर त्या पोरीला पुन्यांदा खरं लिव्हायला तोंड ऱ्हाईल का?"

"मग?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मग काय. मी रोज सकाळी लौकर येऊन फळा वाचायचे. तू लिव्हून गेलीस की. गॅदरिंगपतूर, म्हैनाभर वाचला."

पुढे ती काहीतरी बोलली, घरच्यांचं विचारलं, पुण्याला आलीस की ये म्हणाली. मी हो म्हटलं असेल. फोन ठेवला तेव्हा कचेरीत कुणी पान मागायला आलं होतं आणि मी त्याला हातानंच थांब म्हणून सांगितलं.

शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण ती मागाहून. आधी जे उठलं ते माझ्या ओळखीचंच होतं. माझ्या बाबांनी त्या दिवशी एका वाक्यात मला सोडवलं आणि खरं लिहायची पाळीच माझ्यावर येऊ दिली नाही. तिच्या पप्पांनी, पोरीची पुस्तकं जात असताना, दुसऱ्याच्या पोरीवर महिनाभर विश्वास ठेवला. असा बाप तिला मिळाला होता, आणि मला त्याचा इतका हेवा वाटला की चौदाव्या वर्षीचा सगळा हेवा त्यापुढे काहीच नव्हता.